मदत हवी आहे: बेरिओच्या सिक्वेन्झा ७बी साठी अखंड सूर कसा द्यावा?

नमस्कार मंडळी,

इटालियन संगीतकार लुचानो बेरिओची एकल वादनाची रचना 'सिक्वेन्झा ७बी' सोप्रानो सॅक्सोफोनवर बसवतोय. मूळ रचना ओबो या सुषिर वाद्यासाठी, १९६९ची, ओबोवादक हाइन्झ होलिगर यांच्याकरिता लिहिलेली. सॅक्सोफोनचं रूप सॅक्सोफोनवादक क्लोद देलांग्ल यांनी १९९३ साली केलं.

वादक एकटाच असला तरी मागे एक सूर सतत चालू ठेवायचा असतो. मूळ ओबोच्या रचनेत तो बी, म्हणजे आपली पांढरी सात. तो रंगमंचामागून किंवा प्रेक्षकांतून यावा, अगदी हळू, वाद्याभोवती नुसती आस, म्हणजे गुंजन, राहिल्यासारखा. ऑसिलेटर (एकच सूर काढणारं विद्युत यंत्र), क्लॅरिनेट, काहीही चालतं.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून पाहिला. जवारी, म्हणजे तारेची झणझणती आस, सुंदरच, पण प्रत्येक छेड वेगळी ऐकू येते. इथे सुरुवातीलाच एकच सूर वेगवेगळ्या फिंगरिंगनी, म्हणजे बोटांच्या वेगवेगळ्या ठेवणीने, वाजवायचा असतो. स्वर तोच, रंग मात्र दर वेळी बदलतो. तो बारीक फरक ऐकवणं हाच माझ्या मते या रचनेचा प्राण आहे, आणि छेडीमुळे नेमका तोच झाकला जातो.

सूरपेटीचा सपाट सूर जास्त योग्य ठरेल का? की स्पीकरवर साधी साइन वेव्ह (इलेक्ट्रॉनिक शुद्ध एकसूर) बरी? छोट्या सभागृहात स्पीकर कुठे ठेवता? आणखी एक अडचण: वाजवता वाजवता वाद्य तापून सूर चढतो. मग मागचा सूर आधीच किंचित चढा लावता, की माउथपीस आणि ओठांनीच सांभाळता?

सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, बासरी वाजवणाऱ्यांनी आणि ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्यांनी अनुभव जरूर सांगावा.