जपानीत मुद्दे नि हेडिंग कसे लिहायचे? इची, हितोत्सु, इचिबान, दाइइची... कुठे काय?

सुरुबन_दापोली
नमस्कार मंडळी, मी दापोली तालुक्यातली, नर्सिंग झालंय, जपानला केअरगिव्हर म्हणून जायचंय म्हणून जपानी भाषेच्या एन फोर परीक्षेची तयारी चाललीय. शिकवणाऱ्या सेन्सेईंनी एक पानभर लिहायला दिलंय, आपल्या भागातलं एखादं काम हेडिंग देऊन, नंबर घालून, पायरीपायरीने सांगायचं. मी हर्णै बंदरावरचा संध्याकाळचा मासळीचा लिलाव घेतलाय. वाक्यं जमतायत पण नंबरांपाशी गाडी अडते. पहिला मुद्दा म्हणजे इची, का हितोत्सुमे, का इचिबान, का दाइइची? सगळ्यांचा अर्थ पहिलाच दिसतो. आणि हेडिंगला शेवटी देसु, म्हणजे आपलं 'आहे', लावायचं का? कुणीतरी नीट समजावून सांगा, शुक्रवारी द्यायचंय.

मांडवीकर
ताई, आधी एवढं बघा की तो नंबर त्या वस्तूचं नाव आहे का तिची रांगेतली जागा आहे. बान म्हणजे नाव, बानमे म्हणजे जागा. एसटी स्टँडवर उभे आहात असं धरा, रोकुबान नो बासु म्हणजे सहा नंबरची गाडी आणि रोकुबानमे नो बासु म्हणजे रांगेत सहावी उभी असलेली, मग तिच्यावर पाटी कुठलीही असो. नुसतं मे लागलं की अर्थ फिरतो, म्हणून हे मे आधी पक्कं करा.

हितोत्सुमे, फुतात्सुमे, मित्त्सुमे हे पण जागाच सांगतात, रोजच्या बोलण्यात हेच जास्त, दुसऱ्या कोपऱ्यावर उजवीकडे वळा म्हणताना फुतात्सुमे नो कादो. पण हे त्सु नऊपर्यंतच, कोकोनोत्सुमे झालं की संपलं, दहापासून जुक्कोमे किंवा जूबानमे. तुमच्या कामात तर मे फार लागेल, दुसरा माणूस फुतारीमे, दुसऱ्यांदा निकाइमे, आणि पेशंटचा ॲडमिट झाल्यापासून तिसरा दिवस म्हणजे न्यूइन मिक्कामे. हे आत्ताच तोंडात बसवा.

दाइ हे प्रकरण, धडा, कलम यांच्यासाठी आणि ते आकड्याच्या आधी येतं. आपल्याकडे २०११ ला जैतापूरचं आंदोलन पेटलं होतं तेव्हा पेपरात रोज फुकुशिमा दाइइची वाचायचो, ते दाइइची म्हणजे हेच, फुकुशिमा क्रमांक एक, शेजारी दाइनी पण आहे. आकड्यानंतर येणारं दाइ वेगळं हां, त्याची कांजी म्हणजे चिनी अक्षर वेगळं, इचिदाइ म्हणजे एक गाडी किंवा एक मशीन. धड्यांना 'का' (म्हणजे धडा) लावताना उच्चार बदलतात, दाइ-इक्का, दाइ-रोक्का, दाइ-हाक्का, दाइ-जुक्का. चार, सात, नऊला योन, नाना, क्यू, तिथे शि, शिची, कु नको. पण एका पानाला दाइ कशाला, ते जड होतं.

देवगड_किनारा
हेडिंगचं मी सांगतो. हेडिंग म्हणजे मिदाशी, शक्यतो नामावर संपवा, देसु नाही, क्रियापदाचं आदराचं मासु नाही आणि शेवटचा तो गोल पूर्णविराम पण नाही. यूगाता नो सेरी, म्हणजे संध्याकाळचा लिलाव, झालं हेडिंग. सेरी नि त्सुइते, म्हणजे लिलावाविषयी, असंही चालेल पण प्रत्येक हेडिंगला नि त्सुइते लावलं की वाचणारा कंटाळतो.

मुद्द्यांच्या यादीला काजोगाकी म्हणतात. त्यात वाक्यं मासुची ठेवा नाहीतर सगळी साधी ठेवा, मिसळ नको, बहुतेकांचे मार्क तिथेच जातात. पोटमुद्दे हवे असतील तर सरकारी कागदांत ठरलेली उतरण आहे, वर दाइ १, खाली नुसता १, मग कंसात १, मग काताकाना लिपीतला आ, मग कंसातला आ. कायद्यात वेगळं, तिथे जो म्हणजे कलम, त्याखाली को म्हणजे पोटकलम, त्याखाली गो म्हणजे त्यातली बाब आणि त्याच्याही खाली इ-रो-हा असा जुना अक्षरक्रम. जपानचं संविधान ३ मे १९४७ ला लागू झालं, त्यात १०३ कलमं आहेत, त्यातलं गाजलेलं नववं म्हणजे दाइ-क्यू-जो. तुम्हाला १ आणि कंसातला १ एवढं पुष्कळ.

सुरुबन_दापोली
खूप खूप आभार दोघांचे. असं केलंय, बघा. हेडिंग यूगाता नो सेरी. १ फुने गा मिनातो नि त्सुकिमासु. २ साकाना ओ ओरोशिमासु. ३ सेरी गा हाजिमारिमासु. ४ कात्ता हितो गा साकाना ओ हाकोबिमासु. म्हणजे होडी बंदराला लागते, मासळी उतरवतात, लिलाव सुरू होतो, घेणारे मासळी नेतात. पण हेच वर्गात बोलून दाखवायचंय, तेव्हा इची, नी, सान म्हणत जायचं का?

मांडवीकर
छान झालंय. बोलताना नंबर सोडा, माझु (आधी), त्सुगि नि (मग), सोरेकारा (त्यानंतर), साइगो नि (शेवटी) वापरा. माझु, फुने गा मिनातो नि त्सुकिमासु. ऐकणाऱ्याला क्रम आपोआप कळतो आणि जपानी माणूस पण कृती सांगताना असंच बोलतो.

मालवणी_सेन्पाइ
माका वाटता एक गोष्ट राहिली. कराटेच्या वर्गात दोजोकुन, म्हणजे वर्गाचे नियम, म्हणतात त्यात प्रत्येक नियम हितोत्सु म्हणूनच सुरू होतो, पहिला पण हितोत्सु आणि शेवटचा पण. १८६८ च्या सम्राटाच्या पाच कलमी शपथेतही तसंच. सगळी कलमं सारख्या तोलाची, कुणी वरचढ नाही म्हणून. नियमांच्या यादीला हे शोभतं, तुमच्या लिलावाला नाही, कारण होडी लागल्याशिवाय मासळी उतरत नाही, तिथे क्रम हवाच.

कंसातला १ वाचताना काक्को इची आणि गोलातला १ मारु इची. मोबाइलच्या जपानी कीबोर्डवर इची टाइप केलं की पर्यायांत गोलातला पण येतो.

सुरुबन_दापोली
मग परीक्षेच्या ऑडिओत मोंदाइ इची झाल्यावर इचिबान म्हणतात ते काय, सगळ्यात भारी असं नाही ना?

मालवणी_सेन्पाइ
नाही गो, तो प्रश्न क्रमांक एक. मोंदाइ म्हणजे विभाग आणि त्यातले प्रश्न इचिबान, निबान, सानबान. इचिबान ऐकलं की पेन उचलायचं.