मालगाडीवरची पोरं
मंदीच्या काळात अमेरिकेतली पोरं घर सोडून मालगाड्यांवर चढली ती साहसाची हौस म्हणून, असं कुणी म्हणतं, ते अर्धंच खरं आहे. १९३० च्या मंदीत अमेरिकेत साधारण अडीच लाख पोरंपोरी मालगाड्यांवरून भटकत होती असा अंदाज देतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या घरी बापाचं काम गेलेलं, खाणारी तोंडं जास्त, मग थोरला स्वतःच निघायचा, किंवा घरचेच म्हणायचे बघ बाबा तुझं तू.

आणि चढणं म्हणजे काय खेळ नव्हता. धावत्या डब्याची पुढची शिडी पकडायची, मागची नाही, कारण मागची निसटली की माणूस झोका खाऊन दोन डब्यांच्या मधे, थेट चाकाखाली. दार सरकून बंद होऊ नये म्हणून फटीत खिळा ठोकायचा. वर रेल्वेचे पोलीस दंडुके घेऊन तयारच.

काळ्या पोरांचं तर विचारूच नका. १९३१ मधे अलाबामात मालगाडीतून उतरवलेल्या ९ जणांवर बलात्काराचा खोटा आळ घेतला, त्यातल्या ८ जणांना पंधरवड्यात फाशीची शिक्षा! (पुढे वरच्या कोर्टामुळे फाशी टळली, पण काहींची ऐन उमेदीची वर्षं तुरुंगात गेलीच.)

१९३३ मधे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने अशा बेकार पोरांसाठी जंगलकामाचे कॅम्प काढले, पगार महिना ३० डॉलर, त्यातले २५ थेट घरी. पण तिथे मुलींना प्रवेश नव्हता.