‘लाईट गेली’ म्हणणाऱ्यांना मराठी शिकवू नका

रानमेवा
काल एक पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. म्हणे, ‘लाईट म्हणजे दिवा. पंखा बंद पडल्यावर “लाईट गेली” म्हणणाऱ्याला इंग्रजीही येत नाही आणि मराठीही. वीज म्हणा.’ खाली टाळ्यांचा पाऊस.

अहो, लाईट म्हणजे दिवा हे इंग्रजांपुरतं. आमच्याकडे लाईट येते, जाते, झपके मारते, कमी दाबाने येते, मोटारीला पुरत नाही. भिंतीवरचा तो लाईट, तारेतून येते ती लाईट. स्टार्टरवर लाल, पिवळा, निळा असे तिन्ही लाईट लागले की समजायचं लाईट आली. या वाक्यात शेंबड्या पोराचाही गोंधळ होत नाही. उलट मृगाच्या पावसात ‘वीज आली’ म्हणून ओरडा, कुणी मोटार चालू करायला जाणार नाही, झाडाखालचे लोक तेवढे पळतील.

पेठेतला_एकटा
विनोद बरा आहे. मुद्दा कुठाय? सावरकरांनी महापौर, दिनांक हे शब्द दिले तेव्हाही लोक हसलेच असतील. आज मराठी बातमीत ‘मेयर’ लिहून बघा. वापरला की शब्द रुळतो, तुम्हाला वापरायचाच नाही. आणि वापरायचाच झाला तर ‘लाईट गेले’ म्हणतात. ‘गेली’ काय!

रानमेवा
तुमच्याकडे अनेकवचनात जातात वाटतं?

पेठेतला_एकटा
आजी ‘दिवे गेले’ म्हणायची. त्यावरून ‘लाईट गेले’. आमच्यात परंपरा असते.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या इकडं लाईन जाते बाप्पा. लाईन गेली, लाईन आली. तुमी बसा भांडत.

दादरकर
आमच्याकडे जातच नाही, त्यामुळे मत नाही.

रानमेवा
हो ना. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची गेली, लोकल थांबल्या, देशभर बातमी झाली. आमची रोज जाते, गल्लीतही बातमी होत नाही.

ओतूरची_लेक
शब्द राहू द्या हो. आमच्याकडे गव्हाला पाणी द्यायचं तर थ्री फेज आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. वडील रात्री दारं धरायला जायचे. हातात खोरं, तोंडात बॅटरी, पाय चिखलात. शेजारी उसात बिबट्या. आई ओट्यावर बसून मोबाईलवर गाणी मोठ्याने लावायची, म्हणे जनावर लांब राहतं. इथे कोणी ‘गेली’ की ‘गेले’ करतंय, हसावं की रडावं?

वायरमन_निवृत्त
रडण्याआधी एक ऐका. लाईट का जाते? प्रत्येकाने स्टार्टरला मोटार आपोआप चालू करणारा ऑटो लावलाय. लाईट आली की डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकदम उठतात. फ्यूज उडतो, नाहीतर डीपीच जळते. कपॅसिटर बसवा म्हणून सांगून सांगून घसा बसला. वर तारेवर टाकलेले चोरीचे आकडे वेगळेच.

रानमेवा
आकडेवाला कुणाला म्हणता? नीट बोला. ऑटो काढला तर रात्री एक वाजता बिबट्याच्या उसातून मोटार चालू करायला तुम्ही येणार का? आणि डीपी जळली की वर्गणी आमची, ट्रॅक्टर आमचा, वर ‘डीपीत भरायला ऑईल शिल्लक नाही’ हे ऐकायचं तेही आम्हीच.

वायरमन_निवृत्त
पोलवर मी चढत होतो, ऑईल वाटत नव्हतो. माझ्यावर कशाला ओरडता? भर पावसात बोलावणारे तुम्हीच, आणि लाईट आल्यावर चहा विचारणारा गावात एक नसायचा.

पेठेतला_एकटा
विषय भाषेचा होता. डीपी, ऑटो, ऑईल यांसाठी वेगळा धागा काढा.

ओतूरची_लेक
काका, २००६ च्या सुमारास, आम्ही रोज दहा-दहा तास अंधारात असताना, पुण्याने जादा पैसे मोजून भारनियमन टाळलं. तुमच्याकडे विषय भाषेचाच राहणार.

पेठेतला_एकटा
त्याचे पैसे आम्ही बिलातून भरले, फुकट नव्हतं. असो. बोलताना म्हणा लाईट, माझी परवानगी. छापताना तरी वीज लिहा.

रानमेवा
परवानगीबद्दल साष्टांग दंडवत. छापताना वीजच असते की. २०२४ ची बळीराजा मोफत वीज योजना, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना. वीज मोफत झाली, आता लाईट कधी येणार तेवढं सांगा.

वऱ्हाडी_ठेचा
आमचा फीडर सौरवर गेला, आता लाईन दिवसा मिळते. खोटं कायले बोलू, बरं हाय.

ओतूरची_लेक
आणि ढग आले की?

वऱ्हाडी_ठेचा
ढग आले की वीज येते, लाईन जाते.

पेठेतला_एकटा
हे मात्र मान्य. ‘लाईन’ वगळून.

वायरमन_निवृत्त
सौर असो नाहीतर काही असो, आधी ते ऑटो काढा.