कुत्रा चावला, इंजेक्शनचे पैसे दिले, विषय संपला?

पायवाट:
आमच्या सोसायटीत पार्सल घेऊन आलेल्या पोराच्या पोटरीला तिसऱ्या मजल्यावरच्या लॅब्राडोरनं धरलं. पट्टा गळ्यात होता, पण त्याचं दुसरं टोक कुणाच्या हातात नव्हतं. दार उघडलं आणि कुत्रा जिन्यात. मालकांनी दोन हजार रुपये हातावर टेकवले, "माझी काही तक्रार नाही" असं कागदावर लिहून घेतलं आणि दार लावलं. कमिटीही खूश, लफडं मिटलं!

माझ्या मते मिटलेलं नाही. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, खरंय. पण दंडाच्या स्नायूत घ्यायचे डोस 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी असतात. जखम खोल असेल तर जखमेतच वेगळं सीरम भरतात. प्रत्येक खेपेला केस पेपरची रांग, म्हणजे अर्धा दिवस गेला. ज्याचं पोट दिवसाच्या ऑर्डरींवर आहे त्याचा खरा खर्च हाच. मालकानं बुडालेली मजुरी भरून द्यायलाच हवी, आणि द्यायची नसेल तर एफआयआर.

मोत्याची आई:
तो कुत्रा स्वतःच्या घरात होता हे कुणी लक्षात घेणार का? बेल वाजवून दोन पावलं मागे उभं राहावं, एवढं साधं कुणाला जमत नाही. दाराला नाक लावून उभे! दोन हजार माणुसकीनं दिले, ती गुन्ह्याची कबुली नव्हे. कुत्रा आहे म्हटलं की आधीच भाड्यानं घर मिळत नाही. आता ओरखड्यालाही पोलीस? मार्च 2024 मध्ये केंद्रानं 23 जातींवर बंदीचं पत्रक काढलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयानं महिन्याभरात रद्द केलं, कारण कुणाचं ऐकूनच घेतलं नव्हतं. कुत्रेवाल्यांवर डाफरणं सोपं असतं.

कोर्टकचेरी:
ताई, ज्या निकालाचा दाखला देताय तो पुढेही वाचा. बंदी रद्द करताना त्याच न्यायालयानं म्हटलंय की पाळीव कुत्र्यानं केलेल्या इजेला मालक जबाबदार, उपचाराचा सगळा खर्च त्याचा, आणि नुकसानभरपाई वेगळी द्यावी लागू शकते.

आता कलमं. भारतीय न्याय संहितेचं 291: ताब्यातल्या जनावराबाबत पुरेशी खबरदारी न घेणं. 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेच्या 289 मध्ये दंड 1,000 होता. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे "तक्रार नाही" या कागदानं पोलिसांचे हात बांधले जात नाहीत. मात्र कलमात जिवाला धोका किंवा गंभीर दुखापतीचा संभव लागतो, ओरखडा त्यात बसवणं अवघड. ताईंचा तेवढा मुद्दा मान्य.

पण गंभीर दुखापत म्हणजे हाडच मोडायला हवं असं नाही. 15 दिवस नेहमीचं काम करता आलं नाही तरी ती गंभीर दुखापत (पूर्वी 20 दिवस होते). पोटरी फाटलेला पोरगा 15 दिवस बाइक चालवू शकला नाही आणि डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, तर कलम 125 चा (निष्काळजीपणानं दुसऱ्याला इजा) कडक भाग लागू शकतो, 3 वर्षांपर्यंत कैद. म्हणून केस पेपर जपून ठेवायचा. लोक औषधाची बिलं ठेवतात आणि नेमका तोच फेकतात.

पेन्शनर:
कलमं ठीक. 2010 मध्ये मुंबईत नेपियन सी रोडवर एका वृद्धाला रॉटवायलर चावला. गिरगावच्या कोर्टानं मालकाला 3 महिन्यांची शिक्षा ठोठावली, कधी? 2023 मध्ये. त्या पोराला तारखांना कोण पाठवणार, त्याची कंपनी? पोरानं दोन हजार खिशात घातले हेच शहाणपण.

पायवाट:
काका, कोर्टात जायला लागू नये म्हणूनच कोर्टाची भीती असावी लागते. ती असती तर दोन हजारांवर आणि कागदावर भागलं नसतं.

राखणदार:
शहरातली भांडणं. आमच्याकडे कुत्रा राखणीलाच असतो, बांधून ठेवला तर डाळिंबं कोण राखणार? गेटवर "कुत्र्यापासून सावधान" लिहिलंय, अजून काय करायचं? आणि हेही सांगा, कुत्र्याला कुणी मारलं किंवा लंगडं केलं तर 5 वर्षं (कलम 325), कुत्र्यानं माणूस फाडला तर 6 महिने. हा कुठला न्याय?

मुळशीकर:
+1. पंजाब-हरियाणा हायकोर्टानं 2023 मध्ये दाताच्या एका खुणेला किमान 10,000 भरपाई ठरवली. तोच दर पाळीव कुत्र्यांनाही लावा, सगळे पट्टे आपोआप आखडतील.

कोर्टकचेरी:
मुळशीकर, ते भटक्या जनावरांसाठी, आणि भरायचे सरकारनं. खासगी मालकाला तो दर आपोआप लागत नाही. त्याच्याविरुद्ध निष्काळजीपणाचा दिवाणी दावा, किंवा फौजदारी खटल्यातच भरपाईचा आदेश. नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटले कसे चालवायचे त्याचा कायदा) 395 वापरून न्यायाधीश दंड न लावता थेट भरपाई द्यायला लावू शकतात, तिथे 5,000 ची मर्यादा येत नाही. वकील मागतच नाहीत, हे दुखणं वेगळं.

राखणदार, पाटी दुधारी आहे. चोर कुंपण चढून आला तर ती तुमच्या कामाची. पण पोस्टमन, मीटर बघणारा, पार्सलवाला यांना आत यावंच लागतं. त्यांच्या बाबतीत समोरचा वकील पाटीच पुढे करेल: कुत्रा अंगावर जातो हे मालकाला ठाऊक होतं, तरी मोकळा सोडला.

मोत्याची आई:
बरं. मजुरी द्यायला हवी, मानलं. माझ्याकडून असं झालं तर मी देईन. एफआयआर मात्र नाही. ज्यांनी स्वतःहून लसीकरणाचं कार्ड दाखवलं, रेबीजची शंका नको म्हणून कुत्रा 10 दिवस नजरेखाली ठेवला, त्यांना आणि दार आपटणाऱ्यांना एकच काठी नको.

पायवाट:
ताई, कार्ड त्यांनी आजतागायत दाखवलेलं नाही. पोरानं दोनदा फोन करून विचारलं. "पैसे दिलेत ना?" म्हणाले. या रविवारच्या मीटिंगमध्ये कार्ड आणि मजुरी, दोन्ही मागतोय. नाही मिळालं तर पोराबरोबर चौकीत मी जाणार.