कंबोडियात इंग्रजी शिकवायला जाण्याविषयी

अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आमच्या मुलीचे पदवीशिक्षण येत्या मे महिन्यात पूर्ण होत आहे. नोकरीला लागण्यापूर्वी कंबोडियात जाऊन मुलांना इंग्रजी शिकवावे, असे तिच्या मनात आहे. एका खाजगी संस्थेने बरीच मोठी रक्कम सांगून सिएम रीपजवळच्या अनाथाश्रमात तीन आठवड्यांचे काम देऊ केले आहे. दुसरा पर्याय पीस कोअरचा, म्हणजे परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा. पण तिथे दोन वर्षांहून अधिक काळ बांधून घ्यावे लागत असल्याने घरात एकमत होत नाही. आमचे मूळ गाव औसा. तेव्हा हाच वेळ तिने लातूर जिल्ह्यातल्या शाळेला दिला तर कसे, असेही वाटते. अनुभवी मंडळींनी कृपया मत कळवावे.

आपली,
एक सभासद

*

ताई, नमस्कार.

लेकीकडे राहायला आलो असताना मी मंडळाच्या या ईमेल-यादीत सामील झालो आणि अंबाजोगाईला परतल्यावरही आपली पत्रे वाचत असतो. जिल्हा परिषदेच्या शाळांतून इंग्रजी शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली, म्हणून चार शब्द लिहितो.

अनाथाश्रमाचा विचार सोडून द्यावा. कंबोडियातल्या अशा आश्रमांमधील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे तिथल्या सरकारी पाहणीतच दिसून आले आहे. परदेशी पाहुण्यांच्या देणग्या येत राहाव्यात म्हणून गरिबाघरची मुले तिथे आणली जातात. आपल्याकडच्या वसतिगृहात दर महिन्याला नवा परका माणूस मुलांमध्ये वावरू लागला, तर पालक गप्प बसतील का?

पीस कोअर १९६१ साली सुरू झाली आणि १९७६ पर्यंत तिचे स्वयंसेवक भारतातही होते. अमेरिकी नागरिकत्व आवश्यक असले तरी शुल्क नाही, उलट निर्वाहभत्ता मिळतो. २७ महिन्यांपैकी सुरुवातीचे सुमारे तीन महिने स्थानिक कुटुंबात राहून तिथली भाषा शिकण्यात जातात आणि पुढे वर्ग घ्यायचा तो तिथल्याच शिक्षकाच्या जोडीने. मला ही भाषेची अट सर्वांत मोलाची वाटते. क्रियापद काळाप्रमाणे बदलते, हे आपल्या मुलांना मराठीमुळे ठाऊक असते. ती अडतात ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांपाशी, कारण मराठीत ती नाहीतच. कंबोडियाच्या ख्मेर भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही आणि लिहिताना दोन शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत, त्यामुळे तिथल्या मुलांच्या चुका निराळ्या असणार. तांड्यावरच्या शाळेत पहिलीचे मूल घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलते, वर्गात मराठी ऐकते आणि २००० सालापासून त्याच वर्षी इंग्रजीही शिकू लागते. तिथे ‘इंग्रजी येते’ एवढ्या भांडवलावर उभा राहिलेला माणूस पहिल्याच तासाला गोंधळतो. म्हणून कुठेही जायचे असले तरी मुलीने आधी सेल्टासारखा, इंग्रजी शिकवण्याचे प्रशिक्षण देणारा अभ्यासक्रम करावा. तो सुमारे १२० तासांचा असतो आणि त्यात सहा तास निरीक्षकांसमोर प्रत्यक्ष वर्ग घ्यावा लागतो.

औशाचा विचार चांगला आहे, परंतु मे महिन्यात शाळांना सुट्टी असते. वर्ग जूनच्या मध्यास भरतात. जुलै-ऑगस्ट उत्तम, कारण दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघाल्या की कित्येक मुले आईवडिलांबरोबर फडावर जातात. गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आणि शाळा व्यवस्थापन समितीची संमती आधीच घ्यावी, आणि व्हिसाचे नियम वकिलातीत विचारावेत. तिने मुलांपेक्षा शिक्षकांना वेळ द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्यातल्या अनेकांनी व्याकरण पाठ केलेले असते, परंतु इंग्रजीत बोलायला समोर माणूसच नसतो. शाळा सुटल्यावर रोज तासभर तशा गप्पा झाल्या, तर ती परतल्यावरही वर्गात फरक राहील.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

*

सर, मनःपूर्वक आभार.

खाजगी संस्थेला आम्ही नकार कळवला आहे. पीस कोअरचा अर्ज करायचा की नाही, हे प्रशिक्षण संपल्यावर मुलगीच ठरवील. जुलै महिना मात्र तिने औशासाठी राखून ठेवला आहे. तिथले आमचे घर बंद असते, म्हणून तिला लातूरला नातेवाइकांकडे राहावे लागेल. शाळेची वेळ गाठून शिक्षकांबरोबर तासभर थांबल्यावर तिला परतीची एसटी सोयीची मिळेल का, तेवढे कळवावे.