पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर धुक्यात वाट चुकतेय, मदत हवी आहे

रंकाळ्याचा_बगळा: दोनदा फजिती झाली. देवळापर्यंत नीट जातो, पुढं धुकं उतरलं की अर्ध्या तासात परत त्याच तळ्यापाशी! मोबाईलमध्ये नकाशा आहे, तरीपण. रविवारी परत जायचंय, भाचे सोबत आहेत. लवकर सांगा.

माळावरचा: चढला कुठनं, उतरायचंय कुठं? एवढं तरी लिहा की राव.

रंकाळ्याचा_बगळा: म्हाळुंग्याकडनं कुंभारवाडीला. सगळे तसंच जातात ना?

बिनपगारी_गुरुजी: जुलै १६६० मध्ये महाराज सिद्दी जौहरचा वेढा चुकवून भर पावसात, रात्री विशाळगडाकडे निघाले ते याच बाजूने. त्यांच्याकडे कुठला मोबाईल होता?

नादखुळा_०९: गुरुजी, त्यांच्यासोबत वाट माहीत असलेले मावळे होते. याच्यासोबत भाचे हायत.

पायवाट्या: पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. कुंभारवाडीला जाताना तो तोंडावर घ्यायचा, झालं. वीस वर्षं असाच जातोय.

ओढ्याकाठी: वाऱ्याचा भरवसा नको, पठारावर फिरतो. गुरांच्या पायवाटा इतक्या की प्रत्येक खरी वाटते. साधं होकायंत्र घ्या. वर रेंज नसते, मोबाईल कामाचा नाही.

माळावरचा: रेंज वेगळी, जीपीएस वेगळं. उपग्रहाचा सिग्नल फोन नुसता ऐकतो, त्याला टॉवर लागत नाही. नकाशा तेवढा घरनं उतरवून न्यायचा. बगळेराव, ठिपका उड्या मारतो का बाण फिरतो?

रंकाळ्याचा_बगळा: ठिपका ठीक आहे. बाण गरागरा. घडीत देवळाकडं, घडीत दरीकडं. मी बाण बघूनच चालतो.

माळावरचा: कव्हर कसलं आहे?

रंकाळ्याचा_बगळा: त्याचा काय संबंध? वहीसारखं आहे, खट्कन मिटतं.

माळावरचा: मिटतं ते लोहचुंबकानं! फोनमधलं होकायंत्र त्यालाच भुलतंय. कव्हर काढा, फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा चार-पाच वेळा फिरवा. तरी बाणावर विसंबू नका. पन्नास पावलं चालायचं, ठिपका कुठं सरकला बघायचं. उभ्या माणसाला ठिपका दिशा सांगत नाही. आणि काहीच दिसेना झालं तर गुमान देवळाकडं परत. कडा लांब नाही, पोरं सोबत आहेत.

ओढ्याकाठी: म्हणूनच म्हटलं, होकायंत्र घ्या.

माळावरचा: तेही त्या कव्हराजवळ धरलं तर फिरेल, साहेब.

जेवणाचं_बघा: पन्हाळ्यावर झुणका-भाकरी कुठं चांगली मिळते?

रंकाळ्याचा_बगळा: आत्ता गच्चीवर बघून आलो. कव्हर काढून जोतिबाच्या डोंगराकडं फोन धरला, बरोबर वायव्य. कव्हर लावलं की तोच डोंगर थेट पूर्वेला, जयसिंगपूरकडं! आभारी आहे. पण कव्हरात एटीएम कार्ड, गाडीचं लायसन, सगळं असतं. ते कुठं ठेवू?

नादखुळा_०९: खिशात ठेव की मर्दा.

पायवाट्या: ठेवा कुठंही. पण जाताना वारा बघा.