गुडघ्यांना झेपणारं, बसने गाठता येणारं नदीकाठचं जंगल : तुमचे अनुभव सांगा

गेल्या वर्षी डॉक्टरांनी गड चढणं बंद करायला सांगितलं. माझं वय ६२. चाळीस वर्षं सह्याद्रीत हिंडलेल्या बाईला हे पचायला वेळ लागला. महिनाभर बुटांचं कपाटसुद्धा उघडलं नाही. मग ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी पहाटे उठले, वाकडेवाडीच्या स्टँडवर गेले आणि भीमाशंकरच्या एसटीत जाऊन बसले. मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचं कारणही पुढे करता येईना.

मंचर, घोडेगाव मागे पडलं, डिंभे धरणाचं पाणी दिसलं आणि पुढे झाडी दाट व्हायला लागली. आधी अवघड भाग सांगून टाकते : देवळापर्यंत उतरायला दोनशेच्या वर पायऱ्या आहेत. मी कठड्याला धरून, पाऊल आडवं टाकत उतरले. दोनदा बसले. दर्शन घेतलं आणि गुप्त भीमाशंकरच्या पायवाटेला लागले. ही वाट रानातून जाते, साधारण दीड-दोन किलोमीटर. मुळं वर आलेली आहेत, ओहळाजवळ दगड निसरडे आहेत, पण छातीवरचा चढ नाही. अंजन, जांभूळ, हिरडा यांची सावली इतकी की भर अकराला टोपी काढून पिशवीत टाकली.

पूर्वी या वाटेने मी झपाझप गेले आहे. या वेळी सावकाश चालणं भाग होतं, म्हणून शेकरू, म्हणजे रानातली मोठी खार, दिसलं. उंबराच्या आडव्या फांदीवर पोट टेकून बसलं होतं. पुढच्या दोन पंजांत उंबर धरायचं, फिरवत फिरवत कुरतडायचं, अर्धं खाऊन टाकून द्यायचं, दुसरं तोडायचं. विटकरी पाठ, खाली लोंबणारी लांब झुपकेदार शेपूट आणि शेपटीचं टोक फिकं पिवळट. खाली पानांवर अर्धवट उंबरांचा खच पडला होता. वीस मिनिटं तरी मी मान वर करून उभी होते. आपला हा राज्यप्राणी आणि हे अभयारण्य १९८५ पासून त्याच्यासाठी राखलेलं, हे मला पाठ होतं. पण इतक्या वर्षांत त्याला जेवताना पहिल्यांदाच पाहिलं.

गुप्त भीमाशंकरला पाणी पिंडीवर पडत होतं. तिथे बसल्यावर आईची आठवण आली. तिने पंढरपूरच्या वाळवंटात किती एकादश्या केल्या असतील! तिची चंद्रभागा म्हणजे हीच भीमा, आणि इथे ती माझ्या ओंजळीत मावत होती.

तुम्ही कुठे कुठे गेलात ते लिहा. दोनच गोष्टी पाहा : चढ फार नको आणि स्वतःची गाडी लागायला नको.

*

ताई, मी पणजीहून लिहितोय. आमच्याकडे चोडण बेटावर डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, मांडवीच्या काठचं खारफुटीचं रान. आकाराने लहान, दोन चौरस किलोमीटरही नाही. पणजीच्या कदंब स्टँडवर जुन्या गोव्याकडे रायबंदरमार्गे जाणाऱ्या बसमध्ये बसायचं, रायबंदरच्या धक्क्याला उतरायचं आणि फेरीबोटीत चढायचं. चालत जाणाऱ्याला फेरीत पैसे पडत नाहीत. पलीकडे उतरलं की अभयारण्याचं फाटक जवळच आहे.

आत बांधावरून फरसबंद वाट जाते. एकही पायरी नाही, माझी ७८ वर्षांची आत्या काठी टेकत चालली. पण भरती-ओहोटी बघून जा, एवढं नक्की ऐका. आम्ही पहिल्यांदा भरतीला गेलो तेव्हा दोन्हीकडे नुसतं पाणी आणि पाण्यात उभी झाडं. दुसऱ्यांदा ओहोटीला गेलो तर सगळा चिखल जागा झाला होता. चिखलातून बोटा-बोटाएवढी श्वसनमुळं वर आलेली, त्यांच्यामधून एक नांगी मोठी असलेले खेकडे ती नांगी वर-खाली करत होते. आणि निवट्या! आत्या मूळची रत्नागिरीची, तिनेच नाव सांगितलं. मासाच, पण पुढच्या परांवर रेटा देत चिखलावरून सरकतो, मधेच टुणकन उडी मारतो. डोळे डोक्यावर, बेडकासारखे. एक निवटी दुसरीच्या बिळाजवळ गेली तशी आतलीने पाठीवरचा पंखा उभारला आणि तिला हाकललं. आत्या वाकून बघत राहिली. लहानपणी चिखलात पाय रुतवून या पकडायची म्हणे.

डास आहेत, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. आणि बिबळ्यासारखं मोठं काही शोधायला येऊ नका. इथलं सगळं गुडघ्याच्या खाली आहे.

*

कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य चालेल का? नदी नाही, पावसाळ्यात ओहोळ असतात. पनवेलहून पेणच्या दिशेने जाणाऱ्या एसटीने बारा किलोमीटर, थांबा आहे की नाही ते कंडक्टरला चढतानाच विचारा. किल्ल्याची वाट सोडून द्या, खालच्या निसर्गवाटा पुरेत. माझा चार वर्षांचा मुलगा पूर्ण चालला आणि कडेवर घे म्हणाला नाही, यातच सगळं आलं.

*

भीमाशंकरच्या पायऱ्यांचं वाचून विचारते, आईला न्यायचं तर काही सोय आहे का? तिचं वय ७६.

*

डोली मिळते, भाव आधी ठरवून घ्या. ७५ च्या पुढे एसटीचं तिकीट लागत नाही, आधार कार्ड जवळ ठेवा. श्रावण आणि शनिवार-रविवार मात्र टाळाच, चालायला जागा राहत नाही.

*

लांब कशाला, मी तर शहरातलंच सांगते. पुण्यात येरवड्याजवळ मुळा-मुठेच्या काठी डॉ. सालिम अलींच्याच नावाचं पक्षी अभयारण्य आहे. पीएमपीच्या शहर बसने कल्याणीनगरला उतरायचं आणि चालत जायचं. पाण्याला वास येतो, काठाला प्लास्टिक अडकलेलं असतं, जलपर्णी असते. हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही हिवाळ्यात सकाळी सातला तिथे जाऊन उभं राहा. शेकाटे लाल काड्यांसारख्या पायांवर उथळ पाण्यात चालत असतात, हळदी-कुंकू बदकांच्या जोड्या असतात, पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले असतात. करंजाखाली पाचोळ्यात पाऊल रुततं. शहराच्या पोटात एवढा तुकडा उरलाय आणि तो राहावा म्हणून लोक वर्षानुवर्षं पत्रं लिहितात, सभा घेतात, झाडं मोजतात. मीही मोजायला जाते. जागा बघितलेली माणसं जितकी वाढतील तितकं बरं, म्हणून सांगितलं.

*

अमरावतीकडचं कोणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. परतवाड्याहून धारणीकडे जाणारी एसटी मेळघाटातून, सेमाडोहवरून जाते. सेमाडोह सिपना नदीवर आहे. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग, आणि नदी वाहतेही सागवनातूनच. व्याघ्र प्रकल्प आहे, त्यामुळे मनाला येईल तिकडे पायी हिंडता येत नाही. वनखात्याच्या माणसांना विचारून, ते सांगतील तेवढंच. मी गावाजवळच्या काठाने फिरलो, तासभर. आम्ही ज्याला कहू म्हणतो तो अर्जुन पाण्यावर वाकलेला, खोड पांढुरकं, गुळगुळीत, हात ठेवला तर उन्हातही गार. तेवढ्यासाठी पाच तासांचा प्रवास केला आणि पुन्हा करीन.

*

माझ्या बाबांची दृष्टी काचबिंदूने गेली. आम्ही राहतो कांदिवलीला. जुलैमध्ये त्यांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात नेलं. द्रुतगती महामार्गावर फाटकाजवळच बसचा थांबा आहे. (सोमवारी बंद असतं.) आत दहिसर नदी रस्त्याच्या सोबतीने वाहते. तुळशी तलावाकडून येणारी ही नदी २६ जुलै २००५ ला खालच्या वस्त्यांत शिरली होती, तेवढीच बाबांना माहीत होती. इथे ती दगडांवरून खळाळत होती.

मी सवयीने सांगत सुटलो, इकडे बांबू आहे, तिकडे माकडं आहेत. बाबा म्हणाले, "तू जरा गप्प राहा." मग तेच मला सांगायला लागले. वाऱ्याने बांबू एकमेकांवर घासला तर दार करकरावं तसा आवाज येतो. पाणी एका जागी पसरट होतं आणि पुढे अरुंद, ते आवाजावरून त्यांनी बरोबर ओळखलं. आणि मग झाडीतून शीळ आली. माणूस कामात असताना सहज घालतो तशी, सूर लावल्यासारखी आणि मधेच भलतीकडे जाणारी. बाबांना वाटलं कोणी मुलगा बसलाय. तो शीळकरी कस्तुर होता, पावसाळ्यात ओढ्याकाठी गातो. मला शेवटपर्यंत दिसला नाही. बाबा मात्र हात धरून मला वळवत होते, "आता उजवीकडे गेला. आता वर."

आम्ही जेमतेम एक किलोमीटर चाललो असू. आता दर पंधरवड्याला जातो, आणि थांब्यावर उतरल्यावर पुढे ते असतात.

*

बोरिवलीला येते मी. दादा, तुम्ही आणि बाबा कोणत्या वारी असता तेवढं कळवा.